आरमारी सेनानीचे जुने कोरीव चित्र कसे वाचावे: नवख्यांसाठी

विजयदुर्गाच्या तटावर उभे राहिले की डोळ्यांपुढे आंग्रे येतात. फेब्रुवारी १७५६ मध्ये वाघोटन खाडीच्या तोंडाशी ज्याची जहाजे तोफा रोखून उभी होती, त्या ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचा चेहरा मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तो पाहता येतो. टॉमस हडसन या चित्रकाराने त्याचे तैलचित्र काढले, त्यावरून एडवर्ड फिशरने तांब्याच्या पत्र्यावर चित्र उतरवले, आणि त्याचे छाप लंडनमध्ये विकले गेले. पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्र्यांचे आरमार तिथेच जळाले, आणि पुढच्याच वर्षी वॉटसन कलकत्त्यात वारला. छाप मात्र उरले.

अशी चित्रे आजही सापडतात. जुन्या घरातल्या माळ्यावर, रद्दीतल्या इंग्रजी मासिकात, जुन्या वस्तूंच्या दुकानात, लंडनला राहणाऱ्या भावाच्या बैठकीत. हातात आले की बहुतेक जण आधी चेहरा बघतात आणि ‘हा कोण?’ म्हणून विचारतात. माझे सांगणे उलटे आहे. चेहरा शेवटी बघा. चित्रातल्या माणसाला कोरणाऱ्याने बहुधा पाहिलेलेही नसते. त्याने चित्रकाराचे चित्र पाहिलेले असते, आणि तुमच्या हातातला कागद त्या कोरणाऱ्याच्या पत्र्याचा छाप असतो, कधी कधी त्या छापाच्या नकलेचाही छाप. म्हणून आधी कागद, शाई आणि अक्षरे बघायची. ती काय सांगतात ते कळले की मगच चेहऱ्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येते.

तयारी

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, घड्याळदुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसले चालते. मोजपट्टी, मऊ शिसपेन आणि वही जवळ असू द्या. बॉलपेन त्या टेबलावर ठेवूच नका. चित्र काचेच्या चौकटीत असेल तर लगेच काढायची घाई नको. कागद काचेला चिकटलेला असला तर ओढताना शाईच निघून येते. चौकटीतूनही निम्मे काम होते.

उजेड दोन तऱ्हांचा लागतो. एक सरळ वरून पडणारा. दुसरा तिरका, खिडकीतून सकाळी येतो तसा. कागद डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून त्या तिरक्या उजेडात फिरवून बघा. खरा ताम्रपटाचा छाप असेल तर चित्राच्या चारी बाजूंनी एक बारीक दबलेली कड दिसेल. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन रुळांमधून काढत. रुळांच्या दाबाने पत्र्याची कड कागदात रुतते, तीच ही खूण. ती दिसली नाही म्हणून चित्र खोटे ठरत नाही. कुणीतरी आतून कापलेले असू शकते. आणि ती दिसली म्हणून खरे ठरले असेही नाही, हे पुढे येईलच.

पहिले काम: खालची पट्टी वाचा

चित्राखाली जी मजकुराची पट्टी असते तिच्यात सगळ्यात जास्त माल असतो. तिथेच थांबा, अर्धा तास गेला तरी चालेल.

डाव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत एक नाव आणि पुढे ‘पिंक्सिट’ किंवा त्याचे तुटक रूप दिसेल. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘याने रंगवले’. उजव्या कोपऱ्यात दुसरे नाव आणि पुढे ‘स्कल्प्सिट’ म्हणजे ‘याने कोरले’. मेझोटिंटवर (खरबरीत केलेल्या पत्र्यावरून काढलेले चित्र, त्याचे पुढे येईल) बऱ्याचदा ‘फेसिट’ असते, ‘याने केले’. ‘डेलिनिअविट’ असेल तर त्या माणसाने कोरण्यासाठी रेखाटन करून दिले. ‘एक्सक्युडिट’ असेल तर तो छापणारा किंवा विकणारा. दोन नावे दिसली की दोन माणसे वेगळी लिहून घ्या. एकाच नावापुढे दोन्ही क्रियापदे असतील तर चित्रकारानेच पत्रा कोरला.

मधोमध मोठ्या अक्षरांत सेनानीचे नाव आणि हुद्दा. इथे तारखेचा मोठा धागा हाती लागतो, कारण हुद्दे आणि पदव्या बदलत जात आणि कोरणारे त्या काळजीने लिहीत. ऑगस्टस केपल या ब्रिटिश ॲडमिरलचे उदाहरण घ्या. अर्लचा मुलगा म्हणून त्याच्या नावामागे आधी ‘ऑनरेबल’ लागे. १७८२ मध्ये त्याला व्हायकाउंट ही सरदारकीची पदवी मिळाली. म्हणजे ‘व्हायकाउंट केपल’ असे लिहिलेले चित्र त्याच्या तरुणपणाचे दिसले तरी ती अक्षरे १७८२ नंतरची. नेल्सनच्या बाबतीत तर वर्षावर्षाने पाटी बदलते. १७९७ मध्ये ‘सर’, १७९८ च्या अखेरीस बॅरन, १८०१ मध्ये व्हायकाउंट.

ब्रिटिश आरमारात तेव्हा लाल, पांढरा आणि निळा असे तीन ताफे होते आणि मानाचा क्रमही तोच. ‘व्हाइस ॲडमिरल ऑफ द व्हाइट’, ‘रिअर ॲडमिरल ऑफ द ब्लू’ असे वाचायला मिळेल. ‘ॲडमिरल ऑफ द रेड’ हा पूर्ण हुद्दा मात्र १८०५ मध्येच सुरू झाला. तो दिसला तर अक्षरे एकोणिसाव्या शतकातली, हे पक्के समजा.

सगळ्यात खाली एक बारीक ओळ असते: पार्लमेंटच्या कायद्याप्रमाणे प्रसिद्ध, अमुक तारीख, अमुक विक्रेता, अमुक पत्ता. ही ओळ सोन्याची आहे. १७३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये कोरणाऱ्याला आपल्या चित्रावर १४ वर्षांचा हक्क मिळाला. त्यासाठी मालकाचे नाव आणि तारीख पत्र्यावर असावी लागे. १७६७ मध्ये ही मुदत २८ वर्षे झाली. म्हणून लंडनच्या छापांवर तारीख असते आणि फ्रेंच किंवा डच छापांवर बऱ्याचदा नसते. एक सांभाळा: १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्याआधीच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखेत एका वर्षाचा फरक असू शकतो.

पत्ताही बोलतो. लंडनच्या घरांना क्रमांक नव्हते तोवर दुकाने पाटीवरच्या चिन्हाने ओळखली जात. रॉबर्ट सेयर हा मोठा विक्रेता आधी फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘सोनेरी हरणा’च्या पाटीखाली होता, नंतर तेच दुकान फ्लीट स्ट्रीट क्रमांक ५३ झाले. चिन्हाचा पत्ता जुना, आकड्याचा पत्ता नवा. सेयरसारखे लोक दुसऱ्यांचे वापरलेले पत्रे विकत घेऊन पुन्हा छापत. मग जुने नाव खोडून नवे कोरत, आणि खोडल्याची फिकट छाया कागदावर राहून जाते. तिरक्या उजेडात नि भिंगातून ती शोधा. सापडली तर तुमचा छाप पहिल्या हाताचा नाही.

अक्षरे लागत नसतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या काळी इंग्रजी ‘एस’ शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये लांब काढत आणि तो ‘एफ’सारखा दिसतो. पहिल्या दोन चित्रांपर्यंत त्रास होतो, मग सवय होते.

ही पट्टी इतकी महत्त्वाची आहे म्हणून एक दुःख सांगतो. अठराव्या शतकातल्या एका सेनानीचे सुरेख मेझोटिंट मी चौकट बदलायला दिले होते. परत आले तेव्हा कागद नव्या चौकटीच्या मापाचा झाला होता आणि खालची पट्टी गेली होती. मी ती आधी वहीत उतरवून घेतली नव्हती. तेव्हापासून कुणाच्याही हाती चित्र देण्यापूर्वी मागून-पुढून फोटो काढतो, पट्टी अक्षरशः उतरवतो आणि ‘कागद कापायचा नाही’ हे लिहून देतो. तुम्हीही तसेच करा.

दुसरे काम: शाई कशी बसली आहे ते बघा

आता भिंग घ्या आणि कोटाचा सगळ्यात गडद भाग बघा. तीन शक्यता.

रेघा दिसल्या, आणि त्या बोरूने काढलेल्या अक्षरासारख्या बारीक सुरू होऊन जाड होत पुन्हा टोकदार संपत असतील, तर ते छिन्नीने कोरलेले चित्र. गालावर आणि कपाळावर रेघा एकमेकींना छेदून शंकरपाळ्यासारखे चौकोन करतात आणि कसबी कोरणारा प्रत्येक चौकोनात एक ठिपका ठेवतो. रेघांची टोके बोथट आणि जाडी सारखीच असेल तर पत्रा आम्लाने खाल्लेला आहे, म्हणजे एचिंग. पुष्कळ चित्रांत दोन्ही एकत्र असतात: पार्श्वभूमी एचिंगची, चेहरा छिन्नीचा.

नुसते ठिपके दिसले, चेहऱ्यावर बारीक आणि दाट, तर ते स्टिपल. इंग्लंडमध्ये हे १७७० नंतर चालीला आले. १७९९ ते १८१८ या काळात निघालेल्या ‘नेव्हल क्रॉनिकल’ या आरमारी नियतकालिकात सेनानींची अशी कितीतरी चित्रे आली. बाजारात आज सर्वांत सहज आणि स्वस्त मिळणारी चित्रे बहुधा त्यातूनच सुटलेली असतात. एका कडेला शिवणीची छिद्रे किंवा वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा दिसला तर ते पुस्तकातून निघालेले पान आहे. त्यात कमीपणा काही नाही. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असे मी म्हणेन.

तिसरी शक्यता मेझोटिंटची, आणि अठराव्या शतकातल्या ब्रिटिश सेनानींची खरी श्रीमंती तिथे आहे. रेघ नाही, ठिपकाही नाही, नुसता मखमली काळोख आणि त्यातून उजळत येणारा चेहरा. ही रीत बाकी सगळ्या रीतींच्या उलट चालते. अर्धगोल धारेचे, दातेरी पात्याचे एक अवजार पत्र्यावर पाळण्यासारखे झुलवत सर्व दिशांनी फिरवतात, पुन्हा पुन्हा, दिवसच्या दिवस, जोवर सगळा पत्रा खरबरीत होत नाही. त्या अवस्थेत छापले तर कागद पूर्ण काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडायचे, अधिक उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचे. पांढरा कॉलर म्हणजे पत्र्याचा सर्वांत घोटलेला भाग. पोर्ट्रेटवाल्या चित्रकारांना हे भावले, कारण तैलचित्रातला मखमलीचा, रेशमाचा आणि सावलीचा पोत रेघेने येत नाही तो असा येतो. सतराव्या शतकात ही रीत जर्मन प्रदेशात निघाली आणि तिचा प्रसार करणाऱ्यांत प्रिन्स रूपर्ट होता, जो पुढे स्वतः इंग्लिश आरमाराचा सेनापती झाला. अठराव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये तिचे उत्तम कारागीर बरेचसे डब्लिनहून आलेले आयरिश होते: जेम्स मॅकार्डेल, रिचर्ड ह्यूस्टन, आणि आपला एडवर्ड फिशर, जो आधी टोप्या बनवायचा.

भिंगातून मेझोटिंट ओळखण्याची खूण अशी: काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर, जबड्याखाली किंवा बाहीच्या घडीत, त्या दातेरी पात्याचे अर्धवट पुसलेले माग दिसतात. ठिपक्यांच्या छोट्या छोट्या रांगा, आडव्यातिडव्या. कापडाच्या विणीसारख्या. त्या दिसल्या की समाधान होते.

त्या खरबरीतपणाचे आयुष्य मात्र थोडे. प्रत्येक छापाबरोबर पत्र्याची लव दबत जाते. पहिल्या छापांत काळा भाग खोल असतो, नंतर करडा पडतो, मग पत्रा पुन्हा खरबरीत करून दुरुस्त करत. दुरुस्त केलेल्या पत्र्याचे छाप डोळ्यांना कडक आणि मातकट दिसतात. त्यामुळे तेच चित्र, तेच नाव, आणि किमतीत वीसपट फरक असू शकतो. शक्य असेल तेव्हा एकाच चित्राचे दोन छाप शेजारी ठेवून बघा. एकदा बघितले की शब्दांत सांगावे लागत नाही.

आता फसवणुकीचे. भिंगात समान अंतरावरचे ठिपके, जाळीसारखे नियमित, दिसले तर ते आधुनिक छपाईचे काम आहे, कागद कितीही पिवळा असो. त्याहून अवघड प्रकरण फोटोग्रॅव्ह्यूरचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फोटोवरून ताम्रपट बनवत. त्याला दबलेली कडही असते आणि मऊ काळेपणाही. पण त्यात पात्याचे आडवेतिडवे माग नसतात, फक्त धुळीसारखा बारीक दाणा असतो. म्हणूनच मघाशी म्हटले की नुसत्या कडेवर भरवसा ठेवू नका.

तिसरे काम: कागद उजेडासमोर धरा

सुटा कागद असेल तरच. खालून दोन्ही हातांचा आधार द्या आणि खिडकीसमोर धरा. जवळजवळ ओढलेल्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण बोटभर अंतरावरच्या उभ्या रेघा दिसल्या तर तो जुन्या तारांच्या चौकटीवर बनलेला कागद. रेघा न दिसता सारखा दाणा दिसला तर विणलेल्या जाळीवरचा कागद, जो इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात निघाला पण सर्रास झाला तो शतक संपताना. जलचिन्हात ‘व्हॉटमन’ (इंग्लंडमधले कागद बनवणारे) आणि सोबत एखादे वर्ष दिसले तर छाप त्या वर्षाच्या आधीचा असूच शकत नाही. पट्टीवर १७६० आणि जलचिन्हात १८११ असे एकत्र सापडते. मग पत्रा १७६० चा, छाप १८११ किंवा त्यानंतरचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही लिहून ठेवा.

चौथे काम: कपडे आणि मागचे दृश्य

ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्यांना ठरीव गणवेश मिळाला तो १७४८ मध्ये, निळा-पांढरा. त्याआधीच्या चित्रांत सेनानी आपल्या मर्जीचा कोट घालतो किंवा चिलखतही. ते चिलखत शोभेचे असते, जहाजावर कुणी घालत नसे. खांद्यावरचे झुबकेदार एपॉलेट अधिकृतपणे १७९५ मध्ये आले. त्याआधी काही अधिकारी हौसेने घालत, पण ॲडमिरलच्या दोन्ही खांद्यांवर ताऱ्यांसकट दिसले तर चित्र १७९५ नंतरचे.

तलवार कुठल्या कमरेला आहे? डाव्या असायला हवी. उजव्या कमरेला असेल तर चित्र उलटे झाले आहे, कारण पत्र्यावर जसे कोरावे त्याच्या उलट कागदावर उमटते. चांगला कोरणारा आरशात बघून हे सुधारतो. घाईतला नक्कल करणारा सुधारत नाही. नेल्सनच्या चित्रात तर हे सहज तपासता येते: त्याने उजवा हात १७९७ मध्ये तेनेरीफ बेटावरच्या लढाईत गमावला. रिकामी बाही त्याच्या डाव्या हाताची दिसली तर समजून जा.

पाचवे काम: आता चेहरा

इथे केपलच्या चित्राजवळ थोडे बसू. जोशुआ रेनॉल्ड्स या चित्रकाराने ते १७५२-५३ मध्ये रंगवले, मूळ आज ग्रीनिचच्या आरमारी संग्रहालयात आहे, आणि फिशरने त्याचे मेझोटिंट १७६० च्या आसपास केले. फिशर म्हणजे वॉटसनवालाच. खडकाळ किनाऱ्यावर वादळी आभाळाखाली एक तरुण झपाझप चालत येतो आहे, एक हात पुढे केलेला, जणू कुणाला हुकूम देतो आहे. मागे लाटा फुटताहेत. हात आणि पावले यांची ठेवण प्राचीन अपोलोच्या पुतळ्याशी जुळते. त्या काळी सेनानी टेबलाशेजारी, दुर्बिणीवर हात ठेवून, शांत उभे असत. हा चालतो आहे.

किनारा का? १७४७ मध्ये केपलचे ‘मेडस्टोन’ हे जहाज शत्रूच्या मागे लागून फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटले होते. त्याची चौकशी झाली आणि तो निर्दोष सुटला. रेनॉल्ड्सला १७४९ मध्ये आपल्या जहाजातून भूमध्य समुद्रात नेणारा केपलच, आणि तिथूनच चित्रकार इटलीला गेला. म्हणजे या चित्रात मैत्रीही आहे. चित्र रंगवले तेव्हा केपल अठ्ठावीसच्या आतबाहेर होता. पोरवयात तो अँसन या आरमारी अधिकाऱ्याच्या जगप्रदक्षिणेवर गेला होता आणि पेरूच्या किनाऱ्यावरच्या पाइता शहरावरच्या हल्ल्यात बंदुकीच्या गोळीने त्याच्या टोपीची कड उडाली होती. चेहऱ्याकडे आता बघा. मी अनेकदा बघतो आणि दर वेळी आधी खडकांकडे डोळा जातो, कारण फिशर बारीकसारीक तपशिलात रमणारा माणूस होता आणि रेनॉल्ड्सची त्याबद्दल तक्रारही होती.

मग विचारा: हा छाप त्याच वर्षी का निघाला? सेनानींची चित्रे गिऱ्हाईक असेल तेव्हा छापली जात. ॲडमिरल व्हर्ननने १७३९ मध्ये पनामातले पोर्तो बेलो हे स्पॅनिश बंदर घेतल्यावर त्याचा चेहरा पदकांवर, भांड्यांवर, कागदांवर सगळीकडे आला. लढाईतल्या वागणुकीवरून केपलवर १७७९ मध्ये पोर्ट्समथला खटला चालला, ११ फेब्रुवारीला तो सुटला, लंडनने दिवे लावले, आणि त्याच वर्षी विल्यम डाउटीने रेनॉल्ड्सवरून त्याचे नवे मेझोटिंट केले. वर्ष कळले की त्या वर्षीची बातमी शोधा. आपल्या किनाऱ्यावर असा छापील चित्रांचा बाजार तेव्हा नव्हता, म्हणून त्याच समुद्रातल्या लढाईतला वॉटसन घराघरात टांगला गेला आणि आंग्र्यांना शोधायला आपल्याला पत्रे आणि कैफियती उलगडाव्या लागतात.

सहावे काम: जुळवून बघणे

ब्रिटिश म्युझियम, लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि ग्रीनिचचे संग्रहालय या तिघांचे संग्रह इंटरनेटवर खुले आहेत. सेनानीच्या नावाने न शोधता कोरणाऱ्याच्या नावाने शोधा, लवकर सापडते. मग माप जुळवा: पत्र्याच्या कडेचे, कागदाचे नव्हे. उंची आधी, रुंदी नंतर, मिलिमीटरमध्ये. मेझोटिंट पोर्ट्रेटचे नेहमीचे माप साधारण १४ इंच उंच, १० इंच रुंद. दोन-चार मिलिमीटरचा फरक कागद आकसल्यामुळे पडतो, दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर वेगळा पत्रा. मेझोटिंटच्या वेगवेगळ्या अवस्थांची (म्हणजे पत्र्यात बदल करत गेले तसतशा निघालेल्या छापांची) नोंद जॉन चॅलोनर स्मिथने एकोणिसाव्या शतकात चार खंडांत करून ठेवली, आणि विक्रेते आजही त्या नोंदीतलाच क्रमांक देतात. लंडनला असाल तर ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र विभागात आधी वेळ ठरवून खरा छाप टेबलावर मागवून बघता येतो. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयाच्या मुद्राचित्रण विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याला पत्रा शाईने भरताना आणि पुसताना बघण्याची संधी मिळाली तर सोडू नका. दहा मिनिटांत जे कळते ते भिंगाने महिन्यात कळत नाही.

घरी ठेवताना

लॅमिनेशन करू नका. हे मी हात जोडून सांगतो. चिकटपट्टी लावू नका, प्लायवूडवर डिंकाने चिकटवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. आम्लविरहित पुठ्ठ्याच्या दोन पानांमध्ये ठेवा आणि जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने, फक्त वरच्या कडेला अडकवा. टांगायचे असेल तर काच आणि कागद यांत फट हवी, आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर त्या भिंती ओल धरतात आणि कागदावर तांबूस डाग उठतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडून बघा. कसर दिसली तर कागद ताबडतोब वेगळा करा आणि कागदसंवर्धन जाणणाऱ्याकडे न्या, स्वतः ब्लीच लावू नका.

जे शोधले ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा: चित्रकार, कोरणारा, विक्रेता, पट्टीवरची तारीख, जलचिन्ह, पत्र्याचे माप, कुठून आणि कधी मिळाले. चिठ्ठी शिसपेनने लिहा आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ठेवा, चित्राच्या पाठीवर नको.